‘मन घट्ट कर’ म्हणजे नेमके काय करायचे?

रायगडच्या किनाऱ्यावर, राजापुरी खाडीच्या काठी आगरदांडा आहे आणि समोरच्या काठावर दिघी. फेरीबोटीने खाडी ओलांडायला काही मिनिटे पुरतात. रस्त्याने जायचे तर म्हसळ्याकडून मोठा वळसा पडतो. हे दोन काठ जोडणारा पूल रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या आराखड्यात आहे. दिघी बंदर २०२१ मध्ये नव्या मालकाकडे गेले. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या ज्या १२ औद्योगिक शहरांना मंजुरी दिली, त्यांतही दिघीचे नाव आहे. साहजिकच खाडीच्या दोन्ही काठांवरच्या घरांत काही प्रश्न आता रोजचे झाले आहेत. वाडीतले चार गुंठे विकायचे की ठेवायचे? मुलाला होडीवर घ्यायचे की बंदरात नोकरी लागेल म्हणून थांबायचे? मुंबईतली भाड्याची खोली सोडून गावी परतायचे का?

बातम्यांत पूल येतो, बंदर येते, गुंठ्याचा भाव येतो. याच प्रश्नांची दुसरी बाजू सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात दिसते. तिथे ‘मला ताण आहे’ असे सांगत सहसा कोणी येत नाही. लोक येतात ते पित्त वाढलंय म्हणून, छातीत धडधडतंय म्हणून, रात्री दोनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही म्हणून. बायका येतात अंग दुखतंय, हातापायाला मुंग्या येतात म्हणून. गोळ्यांवर नीट चाललेला रक्तदाब अचानक वर गेलेला असतो. ईसीजी होतो, रक्त-लघवी होते, थायरॉइड होते, आणि काही सापडले नाही की सोबतचे माणूस हमखास म्हणते, ‘डॉक्टर, तुम्हीच सांगा यांना जरा मन घट्ट करायला.’

हे वाक्य मायेपोटीच येते. पण घरी गेल्यावर रुग्णाने नेमके काय करायचे, हे त्यातून कळत नाही. शिवाय त्यात एक गृहीतक दडलेले असते: त्रास परिस्थितीचा नसून तुझ्या स्वभावाचा आहे. माणसाचा दृष्टिकोन आणि त्याचे मानसिक आरोग्य यांचा संबंध आहेच. तो किती आहे, कुठे संपतो आणि दृष्टिकोन खरोखर बदलतो कसा, हे नीट समजून घेतले तर त्या वाक्याऐवजी काहीतरी उपयोगाचे बोलता येईल.

एकच वादळ, निरनिराळी मने

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, मुरुड-श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आदळले. काही तासांत नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, घरांची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. करोनाची टाळेबंदी चालू होती आणि मुंबईतला रोजगार आधीच थांबला होता. पोफळ लावल्यापासून फळाला यायला साधारण पाच ते सात वर्षे लागतात. म्हणजे एका दुपारी पडलेले झाड हे त्या घराचे पुढच्या पाच-सात वर्षांचे उत्पन्न होते. त्या पावसाळ्यात ज्यांनी पुन्हा रोपे लावली, त्यांची झाडे आता कुठे फळाला येण्याच्या वयाची होत आहेत.

समजा, शेजारीशेजारी दोन वाड्या आहेत. दोन्हींतली झाडे सारखीच पडली. एकाने महिनाभरात ओंडके हलवले, केळी आणि भाजी लावली, रोपांसाठी नाव नोंदवले. दुसरा मात्र वाडीत पाऊल टाकेना. नुकसान सारखे असूनही असे का व्हावे?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लॅझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये ताणाविषयी एक मांडणी केली. ती आजही उपयोगी पडते. संकट आले की मन नकळत दोन हिशेब करते. पहिला, हे माझ्यासाठी किती वाईट आहे? दुसरा, याला तोंड द्यायला माझ्याकडे काय आहे? पहिल्याचे उत्तर ‘फार’ आणि दुसऱ्याचे ‘काहीच नाही’ असे आले, की ताण असह्य होतो. या दोन्ही हिशेबांवर माणसाच्या जुन्या धारणांचा, म्हणजेच आपण ज्याला दृष्टिकोन म्हणतो त्याचा, मोठा परिणाम होतो.

मनाने ‘धोका’ अशी खूण केली की शरीर तयारीला लागते. अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके रक्तात वाढतात, नाडी जलद होते, रक्तदाब आणि साखर चढते, पचन मागे पडते. साप दिसला तर हे सारे फार कामाचे आहे, कारण पळायला बळ मिळते आणि धोका टळला की सगळे पूर्ववत होते. पण कर्जाचा हप्ता, न आलेली भरपाई किंवा सातबाऱ्यावरचा भावाभावांचा वाद समोरून हलत नाही. मग शरीराची ही तयारी महिनोन् महिने उतरतच नाही. धडधड, पित्त, तुटक झोप आणि बिघडलेला मधुमेह यांचे मूळ बऱ्याचदा इथे असते. तपासण्यांत काही सापडले नाही म्हणून हा त्रास खोटा ठरत नाही.

दृष्टिकोनाची ताकद किती?

याबाबत दोन अभ्यास शेजारी ठेवून पाहावेत.

अमेरिकेत १९९८ मध्ये २८ हजारांहून अधिक प्रौढांना विचारले गेले होते, की गेल्या वर्षात तुम्हाला किती ताण होता आणि त्याचा तुमच्या तब्येतीवर किती परिणाम झाला असे तुम्हाला वाटते? पुढे २००६ पर्यंतच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना ताण खूप होता आणि तो आपल्याला फार बाधतो असेही वाटत होते, त्यांच्यात अकाली मृत्यूचा धोका ४३ टक्के अधिक आढळला. नुसता ताण खूप असणाऱ्यांत तेवढा फरक दिसला नाही. ‘ताण घेऊ नका, दृष्टिकोन बदला’ असे सांगणारे वक्ते हा अभ्यास आवडीने सांगतात. मात्र त्यातून कार्यकारण सिद्ध होत नाही. ज्यांची तब्येत आधीच खालावली होती, त्यांनाच ताण बाधतो असे वाटले असणेही शक्य आहे.

दुसरा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. डोके आणि मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांची मनःस्थिती उपचारांच्या सुरुवातीला नोंदवली होती. ज्यांचे मन अधिक प्रसन्न, ते अधिक जगले का? तसे काही दिसले नाही. आजाराची गाठ मनाच्या उभारीने विरघळत नाही.

हे निराशाजनक वाटेल, पण रुग्णाच्या दृष्टीने यात मोठा दिलासा आहे. आजार बळावला तर तो ‘पॉझिटिव्ह राहिला नाही’ म्हणून बळावलेला नसतो. दुखण्यात दोषाची भर घालण्याचा अधिकार कोणालाच नाही. दृष्टिकोनाची ताकद दिसते ती वेगळ्या ठिकाणी. औषध वेळेवर घेतले जाते का, रुग्ण पुन्हा तपासायला येतो का, घरच्यांशी बोलतो का, दारूकडे वळतो का, मदत मागतो का, अशा निवडींतून तो तब्येतीवर काम करतो.

खिसा रिकामा असला की विचारही अडतात

दृष्टिकोन हा केवळ स्वभावाचा भाग असता, तर परिस्थिती बदलली तरी तो तसाच राहिला असता. तसे होत नाही. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची पाहणी २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. उसाचे पैसे वर्षातून एकदा येतात. त्यामुळे तोडणीआधी हात आखडलेला असतो आणि तोडणीनंतर सैल होतो. एकाच शेतकऱ्याची दोन्ही वेळी तर्काची आणि एकाग्रतेची चाचणी घेतली गेली. तोच माणूस तोडणीआधी कमी गुण मिळवत होता आणि तोडणीनंतर जास्त. पैशाची विवंचना डोक्याची बरीच जागा अडवते आणि बाकीच्या विचारांना कमी उरते, असा अर्थ संशोधकांनी काढला.

ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांवर मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले व्हाइटहॉल अभ्यास प्रसिद्ध आहेत. सगळेच नोकरीतले, पगारदार, कार्यालयात बसणारे लोक. तरी ज्यांच्या हातात आपल्या कामाविषयी निर्णय कमी, त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळला. आयुष्याचा लगाम आपल्या हातात आहे, ही भावना हृदयालाही लागते.

आपल्या किनाऱ्यावर हा लगाम किती वेळा हातून सुटला, ते पाहा. निसर्गच्या मागोमाग मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. निसर्गनंतर बागायतीची भरपाई हेक्टरी धरायची की झाडामागे, हा वाद झाला, कारण इथली वाडी गुंठ्यांत मोजतात आणि हेक्टरच्या हिशेबात ती दिसेनाशी होते. मासळीचा भरवसा नाही, डिझेलचा खर्च मात्र ठरलेला. अशा घरातल्या माणसाला ‘विचार बदल’ एवढेच सांगणे म्हणजे होडीत पाणी शिरत असताना खलाशाला धीर धर म्हणून सांगण्यासारखे आहे. धीर हवाच, पण भोकही बुजवायला हवे.

तीन नेहमीच्या वृत्ती

तरीही काही धारणा अशा आहेत की त्या मूळ दुःखाच्या वर दुसरे दुःख रचतात. त्यांतल्या तीन तपासणीच्या खोलीत वारंवार भेटतात.

पहिली ‘झालेच पाहिजे’ची. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत आणली. तिचा गाभा साधा आहे. आपल्या इच्छा आपण नकळत हट्टात बदलतो. ‘मुलगा शिकून चांगल्या नोकरीला लागावा’ ही इच्छा झाली. ‘तो लागलाच पाहिजे, नाहीतर माझ्या कष्टांना अर्थ नाही’ हा हट्ट झाला. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटते आणि माणूस दुसरी वाट शोधतो. हट्ट मोडला तर माणूस मोडतो. हा फरक ओळखायला शिकता येते. त्याला कोणत्याही वयाची अट नाही.

दुसरी ‘नशिबात होते’ची. हिला सरसकट नावे ठेवू नयेत. पडलेले झाड उभे राहणार नाही, गेलेले माणूस परत येणार नाही, अशा वेळी ‘त्याची मर्जी’ म्हणून माणूस सावरतो. हा स्वीकार निरोगी आहे. पण ‘होणारे टळत नाही’ म्हणत रक्तदाबाची गोळी बंद केली, साखर तपासायला जायचे सोडले, किंवा विम्याचा आणि भरपाईचा अर्जच केला नाही, तर तो स्वीकार राहत नाही. जे आपल्या हातात होते तेही सोडून दिल्यासारखे होते.

तिसरी वृत्ती सर्वांत महाग पडते. ‘मला काय वेड लागलंय का?’ बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता, पण चित्र आपल्याहून फार वेगळे असेल असे मानायला कारण नाही. दर दहा प्रौढांमागे सुमारे एकाला त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. नैराश्य आणि चिंता यांसारखे सर्रास आढळणारे आजार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांविना होते. यामागे डॉक्टरांची टंचाई आहे, अंतर आहे, खर्च आहे, आणि ‘लोक काय म्हणतील’ हेही आहे. लहान गावात मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात कोण दिसले, ही बातमी संध्याकाळपर्यंत जेटीवर पोचते. म्हणून माणूस आधी पित्ताच्या गोळ्या घेतो, मग झोपेच्या, आणि पुष्कळदा दारू. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण ती उथळ असते, आणि सकाळची उदासी आदल्या दिवशीपेक्षा वाढलेली असते.

आधी पाय, मग मन

मग दृष्टिकोन बदलायचा कसा? मनाला उपदेश करून तो फारसा बदलत नाही. निराश माणसाला ‘चांगला विचार कर’ म्हटले, की त्याला तो जमत नाही आणि आपल्याला एवढेही जमत नाही याचे आणखी वाईट वाटते. बदलाची सुरुवात कृतीतून करणे बरेच सोपे जाते.

याचा चांगला पुरावा आपल्या शेजारी, गोव्यात मिळाला. ‘संगत’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढांचा अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. निम्म्यांना त्यासोबत सहा ते आठ भेटींचे समुपदेशन मिळाले. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. स्थानिक लोकांनाच प्रशिक्षण देऊन तयार केले होते. त्यांचा भर बंद पडलेल्या लहान गोष्टी पुन्हा सुरू करण्यावर होता: ठरल्या वेळी उठणे, चालायला जाणे, सोडलेले काम थोडे थोडे हाती घेणे, टाळलेल्या माणसाला भेटणे, समोरची अडचण तुकडे करून सोडवणे. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नुसत्या नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली छापून आले.

हे घडते कसे? उदास माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. गोष्टी सोडल्यामुळे आनंदाचे आणि ‘मला जमते’ या अनुभवाचे प्रसंग कमी होतात, आणि त्यामुळे उदासी वाढते. हे चक्र मनाच्या बाजूने फिरवणे अवघड, पायांच्या बाजूने त्यामानाने सोपे. वर सांगितलेला दुसरा वाडीवाला दहा मिनिटांसाठी का होईना वाडीत गेला, एक ओंडका बाजूला केला, तर मनाच्या त्या दुसऱ्या हिशेबात, ‘माझ्याकडे काय आहे’ या खान्यात, काहीतरी जमा होते.

मदत मागण्याविषयीची गावाची धारणाही बदलता येते, हे अमरावती जिल्ह्यात दिसले. तिथल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याविषयी सोप्या भाषेत माहिती दिली, प्रथमोपचाराप्रमाणे मानसिक आधार दिला आणि गरज असेल त्यांना पुढे पाठवले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते, ते दीड वर्षानंतर २७.२ टक्क्यांवर गेले. माणसे तीच आणि गावेही तीच होती. मदत जवळ आली आणि तिच्याविषयीची लाज कमी झाली.

मोठे निर्णय कधी घ्यावेत?

ताणाचा सर्वांत दूरगामी परिणाम निर्णयांवर होतो. घाबरलेले मन दोनच वाटा दाखवते: आत्ताच विकून टाक, नाहीतर कधीच विकू नकोस. खरे तर मध्ये पुष्कळ वाटा असतात. जमीन, लग्न, शिक्षण सोडणे, नोकरीचा राजीनामा, मोठे कर्ज या गोष्टी परत फिरवता येत नाहीत, किंवा फार महागात फिरतात. त्यासाठी काही साधे नियम पाळावेत.

घरात मृत्यू, मोठे नुकसान किंवा मोठे भांडण झाल्यावर पहिले काही आठवडे न फिरवता येणारा निर्णय शक्यतो घेऊ नये. सलग तीन-चार रात्री झोप नसेल तर कागदावर सही करू नये. दारूच्या टेबलावर तर नाहीच नाही. पर्याय डोक्यात न ठेवता कागदावर लिहावेत आणि प्रत्येकापुढे नफा, तोटा आणि ‘हे चुकले तर काय करता येईल’ हे मांडावे. ज्याचा त्या व्यवहारात फायदा नाही अशा दोघातिघांना विचारावे. घरातल्या बाईला विचारावे, कारण निर्णयाचे ओझे बहुतेक वेळा तिच्या दिवसावर येऊन पडते.

थांबणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायची गरज नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि होड्या वर ओढलेल्या असतात. पण त्या दोन महिन्यांत जाळी दुरुस्त होतात, इंजिन उघडले जाते, फळ्या बदलल्या जातात. मनाच्या पावसाळ्यातही तसेच करावे. झोप दुरुस्त करावी, कर्जाचा नीट हिशेब मांडावा, कागदपत्रे गोळा करावीत. निर्णय मग उघाडीत घ्यावा.

डॉक्टरकडे कधी जावे?

दुःख आणि आजार यांत फरक आहे. मन उदास राहणे किंवा कशातच गोडी न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक, जवळजवळ रोज चालले असेल. सोबत झोप-भूक बिघडली असेल, थकवा असेल, आपण निकामी आहोत असे वाटत असेल आणि रोजचे काम होत नसेल, तर तो वृत्तीचा प्रश्न राहिलेला नाही. त्याला उपचार लागतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत सोडू नयेत. बरे वाटू लागले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. त्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी चटक लागत नाही. याउलट झोपेच्या गोळ्या मात्र मनाने, मेडिकलमधून परस्पर घेऊ नयेत.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्या. त्यांतले २२,७४६ महाराष्ट्रातले होते, म्हणजे राज्यांत सर्वाधिक. कौटुंबिक प्रश्न आणि आजारपण ही नोंदलेल्या कारणांतली सर्वांत मोठी दोन. जवळचे कोणी ‘आता जगून काय करायचे’ असे बोलू लागले, निरवानिरव करू लागले, तर त्याला सरळ विचारावे, ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक कोणत्याही फोनवरून मोफत, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येते. पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीने आत्महत्येचा प्रयत्न लपवण्याचेही कारण नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच मानायचे आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम उरलेले नाही.

गावाची आणि शासनाची बाजू

शेवटी एक गोष्ट शासनासाठी. बंदर, पूल, औद्योगिक वसाहत येते तेव्हा पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल होतो, मोबदल्याचे दर ठरतात. त्या बदलाखाली जगणाऱ्या माणसांच्या झोपेचा हिशेब कुठल्याच कागदावर येत नाही. मोबदला किंवा वादळाची भरपाई वेळेवर मिळणे, कोणती जमीन लागणार आणि कोणती नाही हे लवकर आणि स्पष्ट कळणे, हेही मानसिक आरोग्याचेच उपाय आहेत. वर्षानुवर्षे टांगती राहिलेली अनिश्चितता पुष्कळांना वाईट बातमीपेक्षाही जास्त सोसावी लागते.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. तो जिल्ह्याच्या ठिकाणाहून तालुक्याला आणि तिथून गावाला पोचवायचा, तर गोवा आणि अमरावतीची वाट समोर आहे. आशा कार्यकर्ती प्रत्येक घर ओळखते. रक्तदाब विचारताना ‘झोप लागते का, मन लागते का’ हे दोन प्रश्न तिने विचारले आणि पुढे पाठवायला आठवड्यातून एक ठरलेला वार प्राथमिक आरोग्य केंद्रात असला, तर पित्ताच्या गोळ्यांवर काढलेली कित्येकांची वर्षे वाचतील.

तोवर घरातल्यांना करता येण्यासारखे एक काम आहे. ‘मन घट्ट कर’ म्हणणे सोडावे. त्याऐवजी ‘रात्री झोप लागली का?’ असे विचारावे, ‘उद्या सकाळी वाडीपर्यंत जाऊन येऊ, मी आहे बरोबर’ असे म्हणावे, आणि दोन आठवडे उलटले तर ‘चल, आपण दोघे दवाखान्यात जाऊ’ असे सांगून खरोखर सोबत जावे.